मानशीचं दार

पाटोवर चौथा मजला, सकाळचे सव्वादहा.
पडद्यावर करडी चौकट:
हे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.
प्रशासकाशी संपर्क साधा.

प्रशासक म्हणजे सिप्रियान.
तो सांतिनेजला, दाताच्या डॉक्टरकडे.

हवंय काय, तर चार एमबीचं एक टूल.
तिकीट टाकलं. कारण लिहा म्हणाले, लिहिलं.
कारण पुरेसं नाही म्हणाले.
एका अख्ख्या बँकेचे हिशेब माझ्या ओळींवरून धावतात
आणि माझ्याच यंत्रातलं घड्याळ
पाच मिनिटं मागे पडलंय,
ते मला पुढे करता येत नाही.

संध्याकाळी फेरीबोटीत फटूमामा भेटले.
चोडणच्या मानशीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस.
बांधातलं ते लाकडी दार,
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं.
मी म्हटलं, शेत ज्याचं
त्याच्याच हातात नको का दार?

मामा हसले नाहीत.
"शेतवाल्याला पाणी आत्ता हवं असतं,
मासे धरणाऱ्याला रात्री.
खोटं कुणीच बोलत नाही.
एकदा पावणी घेतलेल्यानं दाराला पाचर मारली,
सुंगटं मिळाली टोपल्या भरभरून.
खारं पाणी शिरलं ते तीन वर्षं गेलं नाही."

धक्का जवळ आल्यावर, मी काही विचारलं नसताना:
"दार मिटूनच ठेवलं तरी शेत कुजतंच म्हणा."

त्यांना मी सांगितलं नाही
की गेल्याच्या गेल्या दिवाळीत
सिप्रियाननं मला दिले होते सगळे अधिकार,
दोन तासांसाठी, तोंडी.
काढून घ्यायला तो विसरला
आणि आठवण करून द्यायला मी.
अकरा महिने.
काही बिघडलं नाही.
म्हणजे, एकदाच. रात्री दीडला
चुकीच्या खिडकीत बरोबर आज्ञा.
चौदाशे नोंदी.

बॅकअप होता. शनिवारी येऊन तो एकटा बसला,
अहवालात लिहिलं, मानवी चूक.
मानवाचं नाव लिहिलं नाही.

आज तो आलाय, गाल सुजलेला.
माझ्या खुर्चीमागून वाकून पासवर्ड टाकतो.
तो हात आडवा धरत नाही,
मीच मान वळवते खिडकीकडे.
खाली ऑरेमच्या खाडीत ओहोटी,
चिखलात एक बगळा.
बारा कळा वाजल्या. ऐकल्या, पाहिल्या नाहीत.

आणि घड्याळ?
"त्याला वेगळं तिकीट लागेल,"
तो म्हणतो, अर्ध्या तोंडानं.