सव्वा अंश

कॅमेरा नवा, या उन्हाळ्यातला.
जुन्या प्रोग्रामला त्याच्या फायलींची ओळखच पटेना.
लाजेशच्या समोर, बोटीवरून
एकशे चाळीस शेपट्या टिपल्या होत्या मी,
पडद्यावर एकशे चाळीस राखाडी चौकोन
आणि प्रत्येकात एक छोटी कवटी.

फोनवर नेलिया, पलीकडच्या बेटावरच्या विद्यापीठातून.
शेपटीच्या कडेच्या खाचा मोजून
कोणता व्हेल कोण, हे ती ठरवते.
म्हणाली, "दोना देओलिंदा,
तुमच्या लिनक्सच्या भांडारात आहे ते पाच वर्षांपूर्वीचं.
सिस्टिम स्थिर आहे ना तुमची, म्हणून."
"स्थिर म्हणजे?"
"म्हणजे जुनी, पण भरवशाची."
म्हटलं, असा एक नवरा होता मला.

मग काळी खिडकी.
ती एकेक अक्षर सांगत गेली, मी एका बोटाने ठोकत गेले,
मध्ये एक मोकळी जागा राहिली, तर सगळं पुन्हा.
पासवर्ड बेलार्मिनोचाच,
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला:
आमच्या पहिल्या बोटीचं नाव, पुढे तिचा नंबर.
टाइप करते तर काहीच उमटेना,
टिंब नाही, तारा नाही.
"दिसत नाही, पण जातंय," नेलिया म्हणाली.

याला हवी एक लायब्ररी,
तिला हवी दुसरी,
दुसरीचं पटत नाही पहिलीच्या थोरल्या बहिणीशी.
नमनाला घडाभर तेल.
ओळी वर सरकत राहिल्या,
तेवढ्यात माझे बटाटे सोलून झाले, रश्श्याला उकळी आली,
खिडकीतून पिकोचा डोंगर ढगात गेला आणि परत आला.

शेवटी नवा प्रोग्राम उघडला, आणि उघडताच अडला:
जुना संग्रह नव्या रचनेत बदलावा लागेल.
त्यानंतर जुन्या आवृत्तीत परत जाता येणार नाही.
हो. नाही.

नेलिया म्हणाली, "हो दाबा."
मी म्हटलं, "थांब, रस्सा करपतोय."
गॅस केव्हाच बंद केला होता.

त्या संग्रहात त्याची अकरा वर्षं.
पेन ड्राइव्हवर नक्कल घ्यायला चाळीस मिनिटं लागली.
तोवर फोन ठेवला.
मग एकटीनेच दाबलं.

फोटो उलटले नाहीत, सुलटले नाहीत,
जिथल्या तिथे राहिले.
फक्त सावल्या थोड्या मोकळ्या वाटल्या,
किंवा चष्मा मी पुसला होता म्हणून असेल.

डाव्या कडेला एक यादी दिसली, आधी लक्षच गेलं नव्हतं कधी:
त्याने काय काय केलं, क्रमाने.
उजेड वाढवला. कमी केला. पुन्हा वाढवला.
कडा कापली, कापलेली परत जोडली.
माणूस बाजारात टोमॅटो घेतानाही असाच.
आणि प्रत्येक फोटोत, एकूणएक फोटोत,
क्षितिज वळवलं: सव्वा अंश, डावीकडे.

दोरखंडात सापडून त्याचा डावा खांदा उतरला होता,
आमच्या लग्नाच्याही आधी.
शिंप्याला माहीत होतं,
कोट शिवताना तो एका बाजूला जास्त कापूस भरायचा.
कॅमेऱ्यालाही माहीत होतं म्हणजे.
तो घरी येऊन रात्री समुद्र सरळ करायचा,
आणि मला वाटायचं, पत्ते खेळतोय.

आता माझ्या शेपट्या उघडतात.
कवट्या गेल्या. खाचा स्पष्ट दिसतात,
एकीची टोकाला तुटलेली, बशीच्या टवक्यासारखी.
नेलियाला उद्या पाठवायच्या आहेत.

त्याआधी एक गंमत केली.
त्याची यादी उचलली, जशीच्या तशी,
आणि माझ्या फोटोवर चिकटवली.
माझे खांदे सरळ. माझा समुद्र सरळ आला होता.
तो हळूच डावीकडे कलला,
एवढा की काठावरचा पेला असता तर सांडला नसता,
पण कुणीतरी म्हणालं असतं, जरा सांभाळ.

पाठवताना सरळ करीन.
आज जेवण होईपर्यंत राहू दे तसाच.