डग्ग्याची बाजू

मगदुमांनी ती दोन खोकी स्वतः बांधली,
उद्यमनगरातल्या पॅटर्नशॉपमधून उरलेल्या सागवानी फळ्यांची,
माझ्या कमरेइतकी उंच.
एकेकात बारा इंची स्पीकर,
आत पट्टणकोडोलीहून आणलेली मेंढीची लोकर ठासून.
हवा दमट झाली की अजून वास येतो तिचा.
सोफा बसेना म्हणून सोफा विकला.
चाळीस वर्षं मी त्यांवरची धूळ पुसली
आणि एकदाही बरं बोलले नाही.

दिवाळीत अभिनंदन आला पुण्याहून,
वीतभर उंचीच्या दोन डब्या आणि एक काळा ठोकळा घेऊन.
सब, म्हणाला. ठेव कुठंही,
खालच्या सुराला दिशा नसते, आई,
कानाला कळतच नाही कुठून येतो.
मला पटलं.
मिरवणुकीतला डॉल्बी मिरजकर तिकटीला असला
तरी इथं मांडणीवरची ताटं थरथरतात,
तेव्हा कुठली पूर्व आणि कुठली पश्चिम.

मगदूम एवढंच म्हणाले,
दिवे गेल्यावर कुठली भट्टी घुमतेय
ते आम्हाला तळपायाला कळायचं.
आणि खोकी ओढून माडीवर नेली, एकटेच.

खोली मोठी झाली. मी खूश.
ठोकळा खिडकीखाली ठेवला.
खोटं कशाला बोलू, लई खोल जातो तो,
खोक्यांच्याही खाली,
विहिरीच्या तळाशी कुणी घागर आपटावी तसा.

मग एका दुपारी मी आदगोंडाची कॅसेट लावली.
माझा धाकटा भाऊ. डावरा.
पेठेतल्या एका बैठकीत मगदुमांनीच
दोन माइक लावून भरलेली.
सगळ्या तबलजींचा डग्गा समोरून उजवीकडं दिसतो,
ह्याचा डावीकडं.
लहानपणी अण्णांनी त्या हातावर छड्या मोडल्या,
सरळ हो म्हणून. नाही झाला.

त्या दुपारी थाप पडली डावीकडंच,
पण तिचा घुमारा
उजवीकडून, खिडकीखालून आला.
हात इथं आणि श्वास तिथं.
परत लावली. परत तसंच.
अण्णांना जे जमलं नाही
ते त्या ठोकळ्यानं अर्ध्या तासात केलं.

मी माडीवर गेले.
लोकरीचा वास तसाच होता.
मगदुमांना हाक मारली नाही,
शेजारच्या सुताराच्या पोराला बोलावलं.
एक खोकं जिन्यात अडकलं, कोपरा टवकला.
त्यावर ते अजून बोललेले नाहीत,
फक्त मापाची पट्टी घेऊन
दोन्हींचं भिंतीपासूनचं अंतर सारखं केलं
आणि मधे माझी खुर्ची ठेवली.

सब आहे अजून. नातू आला की
सिनेमातले डायनासोर त्यातूनच चालतात,
आणि एरवी वर मांजर झोपतं, ऊब असते म्हणून.

कॅसेट लावायची असली की त्याची वायर मीच काढते.
शेंगा फोडायला घेते.
मगदूम सांगतात, मधे बस,
मधूनच दोन्ही बाजू नीट कळतात.
कळत असतील.
मी थोडी डावीकडं सरकूनच बसते.