चुन्याची रेघ

कलकत्त्याच्या क्लबाचा कोट
अजून कूलरसमोर खुंटीला,
वाळ्याच्या वासात भिजत.
फोन तीनदा वाजला:
एक गोव्याचा, एक गुवाहाटीचा,
आणि एक चॅनलवाला,
नुसतं बोलायचं सर, खेळवायचं काही नाही.

मॉरिस गजभिये तिघांनाही "बघू" म्हणाले
आणि पहाटे साडेपाचला
मोतीबागेच्या मैदानावर आले, स्लीपर घालूनच.

"काऊन आले सर? काढून टाकलं का तुम्हाले?"
गोलात उभी समता उके,
हातात आईचे भांडी घासायचे रबरी मोजे.
"मीच निघालो."
"सगळे असंच म्हणतेत."

चुना मारणारा याकूब तापानं पडलेला.
सरांनी डबा उचलला.
सतरा वर्षं रेघेच्या आत कोण, बाहेर कोण
एवढंच ठरवलं होतं,
रेघ कधी मारली नव्हती.
पेनल्टी बॉक्सच्या कोपऱ्यावर ती सुटली,
हातभर बाहेर गेली.
सर पायानं पुसायला लागले.

"राहू द्या नं," समता ओरडली,
"मले हातानं धराले जागा वाढली."

खिशात फोन थरथरला.
दोन्ही हात
कोपरापर्यंत पांढरे.