दहावा हात

शनिवारी, ऑपलूससच्या बाजारात,
भेंडीच्या टोपल्या नि क्रॉफिशची पिंपं
यांच्यामधल्या जागेत व्हर्लीन घडीचं टेबल मांडते.
फलकावर एकच ओळ, तिच्याच तिरप्या अक्षरात:
‘त्या ज्यूरीत मी होते.’

लोक थांबतात. काही भलताच भाव विचारतात.

ती सांगते: शुक्रवार होता. पंखा बिघडलेला.
नऊ हात वर झाले होते,
तेव्हा कायद्याला दहा पुरायचे.
साडेपाचला बेकरी बंद व्हायची, मला केक न्यायचा होता.
साक्षीदार म्हणाली होती, लाल टोपी.
एवढ्या अंधारात लाल दिसतो का,
हे अगदी ओठांवर आलेलं.
गिळलं.

केकवर मुलीचं नाव मात्र बिनचूक होतं.

अल्सीद बातिस्त एकोणीस वर्षांनी सुटला.
मागच्या महिन्यात टेबलापाशी आला.
ती उठली, तर खुर्चीच पडली.
तो बोलला नाही काही. माफ केलं, असंही नाही.
शेजारच्या टोपलीतलं एक रताळं घेतलं,
पैसे मोजले,
वाऱ्यानं फडफडणाऱ्या पत्रकांवर ते ठेवलं
आणि गेला.

रताळ्याला आता कोंब फुटलेत.
ती ते दर शनिवारी रुमालात गुंडाळून आणते.
परवा कुणीसं विचारलं, हे केवढ्याला?
व्हर्लीननं रताळं उचललं,
आणि खालचं पत्रक त्याच्या हातात दिलं.