टाच टेका

खडकी बाजारात आमचं दुकान म्हणजे
साडेचार फूट फळी, वर पत्रा,
खिळ्यांचे नऊ डबे.
पंचेचाळीस साली एका संध्याकाळी तिथं
एक गोरा शिपाई फुटबॉलचे बूट गळ्यात अडकवून उभा राहिला,
दोन्ही हात कमरेवर.
नाव म्हणाला, व्हिटल.
माझा बाप, केरबा आगवणे, त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते आलं:
विठ्ठलसाहेब, बसा. टाच टेका.

लढाईआधी तो तिकडं पैसे घेऊन खेळायचा.
खेळायचे पैसे मिळतात, हे बापाला पटेना.
रविवारी मैदानावर दोरीच्या अलीकडं उकिडवा बसून
त्यानं खात्री करून घेतली.
सेंटर हाफ. उंच चेंडू आला की
बाकीचे मान वर करायचे,
हा कपाळ पुढं करायचा.
भिजल्या ढोलावर थाप पडावी तसा आवाज.
बाप बघायचा नुसते पाय:
उजवी टाच आधी झिजते,
म्हणजे गडी डावीकडं वळतो.
त्याच्या कॅप्टनलाही हे ठाऊक नव्हतं.

चेंडूही आमच्याकडंच शिवायला यायचे.
अठरा पानं, मेणाचा दोरा, वर वादी.
वादीची गाठ कपाळ कापते म्हणून
बाप ती ठोकून ठोकून सपाट करी.

सेहेचाळीसला बोट.
मग दर नाताळाला एक पत्र,
मिशनच्या शाळेतल्या फिलोमिनाबाई वाचून दाखवायच्या.
तिसरी डिव्हिजन. कोळशाचं गाव,
त्याचं नाव बापाच्या जिभेवर कधीच बसलं नाही.
आठवड्याला बारा पौंड, उन्हाळ्यात दहा.
खडूनं फळीवर हिशेब मांडला:
एकशे साठ रुपये! आठवड्याला!
त्या दुपारी हातोडी वाजली नाही.

पुढच्या पत्रात होतं,
दुसरा क्लब मागतोय, पण हे सोडत नाहीत.
कागद यांच्याकडं.
खेळवलं नाही तरी सोडत नाहीत.
बाईंनी दोनदा समजावलं.
बाप म्हणाला, "अस्सं. म्हणजे हाही गावकीचाच."
आणि हातोडी पुन्हा सुरू झाली.

एकोणपन्नासला कप्तान.
एकदा कुठल्याशा मोठ्या क्लबला चिखलात बरोबरीत रोखलं,
कात्रण आलं, त्यात तो शाईच्या डागाएवढा.
त्रेपन्नला गुडघा.
तीनशे बारा मॅच, चार गोल,
पैकी एक आपल्याच जाळ्यात, हे त्यानंच लिहिलेलं.
छप्पन्नचं पत्र दोन ओळींचं:
आता घरोघर दूध टाकतो.
घोडा चांगला आहे.

बाप एकाहत्तरला गेला.
पत्रं मी वाचू लागलो,
माझी शाळा त्यानं टाचा ठोकूनच केलेली.
एकोणऐंशीला अक्षर बदललं. बायको, डोरीन.
"लेस्ली आता माणसं विसरतो.
डॉक्टर काही बोलत नाहीत. मला वाटतं तो चेंडू.
पावसात भिजला की दगड व्हायचा.
सकाळी दारात बूट घालताना एकच शब्द म्हणतो,
टाश-टेका.
तुमच्याकडचा आहे का?
शिवी तर नाही ना?"

तीन रात्री मी उत्तर लिहिलं नाही.
मोजत बसलो,
त्या वर्षात त्यानं डोक्यावर घेतलेले
किती चेंडू आमच्या सुईचे.
गाठ सपाट होती.
वजन तेवढंच होतं.

मग लिहिलं: बाई, शिवी नाही.
आधी टाच टेकवायची, मग वादी आवळायची,
म्हणजे बूट नीट बसतो.
तुम्हीही म्हणत जा त्यांच्याबरोबर.

त्यानंतर पत्र नाही.

साडेनऊ नंबरचा लाकडी फर्मा,
करंगळीपाशी कातड्याची चकती डकवलेला,
अजून फळीवर आहे, पावत्या दाबायला.
काल अकॅडमीतला एक पोरगा आला.
पिवळेजर्द बूट, तळवा उचकटलेला.
काका, सोल्यूशन लावून द्या, पाच वाजता मॅच आहे.
लावलं. बस म्हटलं. घालून बघ.
आणि सवयीनं पुढचं म्हटलं.
मोबाईलमधून मान वर न काढता
त्यानं टाच टेकवली.