सत्त्याऐंशी बोटं

शाळेच्या तळघरात, मंगळवारी, सहाच्या ठोक्याला
आम्ही नऊ जण जमतो.
बाहेर इसाल्मीचं तळं गोठून पांढरं,
उणे सव्वीस.
आत सरसाचा वास, बर्चचा भुसा
आणि हिल्कानं आणलेला वेलदोड्याचा पाव,
त्यालाही थोडा भुसा लागतोच,
आम्ही चालवून घेतो.

मी चाळीस वर्षं लोकांच्या जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या.
इथे आल्या आल्या मोजलं :
माणसं नऊ, बोटं एकोणनव्वद.
ताइस्तोचं एक लाकूडगिरणीत राहिलं, एकाहत्तर साली.
तो म्हणतो, तेव्हापासून मी
कुणाकडे बोट दाखवत नाही.

उर्पो शिकवतो. शिकवतो म्हणजे
मागे येऊन उभा राहतो
आणि श्वास आत ओढतो.
तेवढ्यावरून ओळखायचं,
रंधा उलट्या अंगानं चाललाय.
फारच झालं तर बोलतो :
बोथट पटाशी जोर मागते,
आणि जोर लावलेली पटाशी कुठे जाईल, ते तिलाच ठाऊक.
गुण्यावर विश्वास ठेव, पण एकदा उलटा करून बघ.
सरस लावण्याआधी सगळं कोरडं जोडून पाहा
(लग्नाआधी पाहतात तसं, ही ताइस्तोची भर).
शेवटची वीतभर फळी हातानं ढकलू नकोस, काठी घे.
जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस,
रात्री आपल्या आपण पेट घेतात.
पसरून ठेव.

माझं स्टूल पहिल्या दिवसापासून लंगडं.
एक पाय कापला, तर दुसरा लांब झाला.
दुसरा कापला, मग तिसरा.
असं करता करता ते मांजराच्या उंचीचं झालं.
“तीन पायांचं केलं असतंस,” उर्पो म्हणाला,
“तर डुललंच नसतं.”
हे त्यानं चौथा पाय कापून झाल्यावर सांगितलं.

जानेवारीत दोन मंगळवार तो आला नाही.
तिसऱ्या मंगळवारी आला,
डाव्या हाताला पांढरं गाठोडं.
घरची गोल करवत. एकटाच होता.
रेडिओवर बर्फाचा अंदाज ऐकत होता,
आणि काठी
हातभर अंतरावर, खिळ्याला टांगलेली.
एवढं सांगितलं त्यानं, खाली बघत,
जणू आमच्याकडून उसनी नेलेली दोन बोटं
हरवून आला होता.

कुणी काही बोललं नाही. इथे तशीच रीत आहे.
हिल्कानं कॉफी ओतली,
मग आपला अंगठा, त्यावरच्या जुन्या व्रणासकट,
टेबलावर ठेवला, चमच्याशेजारी.
एस्कोनं बाही कोपरापर्यंत सरकवली.
वेल्लामोनं नख नसलेलं बोट पुढे केलं.
माझ्याकडे काय होतं?
कागदानं चिरलेली करंगळी,
चाळीस वर्षांच्या नोकरीतली सगळ्यात मोठी जखम.
ती दाखवली.
तेव्हा उर्पो हसला.
पाची बोटं सारखी नसतात, मी म्हटलं.
“तीनसुद्धा,” तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी त्याच्या बाकावर
आठ ढकलकाठ्या.
कुणी कुणाला विचारलं नव्हतं.
त्यानं एकेक उचलून दिव्याखाली धरली.
हिची टाच उथळ.
ही आडव्या रेषांची, मोडणार.
ही बरी.
ही कुणाची?
मी हात वर केला.
आत ओढलेला श्वास.
“मूठ इतकी गुळगुळीत कशाला केलीस?
घामेजल्या हातातून सुटेल. घासून खरबरीत कर.”
मी घासत बसले, पाव संपेपर्यंत.

आठही आता करवतीला खेटून टांगल्यात,
हात लांब करावा लागत नाही.
माणसं नऊ, बोटं सत्त्याऐंशी, काठ्या आठ.
शिल्लक पुढे ओढली.

निघताना तेलाच्या चिंध्या
मी बाहेर कुंपणाच्या तारेवर पसरल्या,
एकीला दुसरी लागणार नाही अशा.
लगेच कडक झाल्या.
उर्पो मागे येऊन उभा होता.
कान देऊन ऐकलं.
श्वास नाही.