चिमटे

धुळ्यात, देवपुरात, आमच्या गल्लीत
नळाला वार असतो, वेळ नसते.
वारसुद्धा हल्ली अंदाजेच.
द्वारकाबाई जिन्यातून ओरडतात, "पानी उनं वं!"
आणि सगळी गल्ली हंडे घेऊन उभी,
जसं काही तिला आधीच कळवलेलं.

मला कुणी कळवत नाही.
मला पावणेसातला दात, सातला चहा,
सव्वासातला दादरच्या दोन भाकरी,
दुसरी पहिलीपेक्षा जरा लहान,
एवढंच माहीत असायचं.

तीन वर्षांपूर्वी पाणी सव्वासातला आलं.
एक भाकरी तव्यावर, एक परातीत,
मोटारींची घरघर प्रत्येक भिंतीतून,
हंड्यांचा आवाज थेट दाढांत.
गॅस बंद केला का, आठवत नाही.
मोरीत बसले, कानांवर हात,
आणि पाणी पिंपावरून, उंबऱ्यावरून, जिन्यावरून
कुणाच्या तरी चपला घेऊन गेलं.

द्वारकाबाई आत आल्या. बोलल्या नाहीत.
मोटर बंद केली. दिवा बंद केला.
हंडे भरले, कळशी भरली, तांब्यासुद्धा.
जाताना करपलेली भाकरी उचलून नेली.
"काय झालं" असं त्यांनी विचारलं असतं
तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.
ते दिवाळीनंतर नाशिकला मिळालं, वय एकतीस,
चार अक्षरं, ऑटिझम,
खाली डॉक्टरांची सही.

भाऊ म्हणाला, "आता जरा लवचिक व्हायला शीक."
मी त्याला रबर ताणून दाखवलं.
बघ, हे कुठे जात नाहीये,
हे फक्त तुटायची वाट बघतंय.

मग स्वयंपाकघरात तार बांधली.
एका कामाला एक चिमटा, वर पेनानं नाव.
लाल हलत नाहीत, निळे हलतात.
पहिल्या आठवड्यात एकोणीस लाल
आणि निळा एकटा 'केर'.
हळूहळू वेळा खोडल्या, क्रम ठेवला.
मग क्रमातही दिसलं, की काही कामं
एकमेकांची कुणीच लागत नाहीत,
उगाच वर्षानुवर्षं शेजारी बसलेली.

तार मात्र दोन खिळ्यांना घट्ट आहे.
ढिली असती तर सगळे चिमटे
घसरून मधोमध जमा झाले असते.
हे मी भावाला फोनवर सांगितलं.
तो म्हणाला, "मग कपडे कुठे वाळत घालतेस?"

आता लाल चारच आहेत.
गोळी. दात. चहा.
आणि लॅबमधून आल्यावर वीस मिनिटं
अंधारात पालथं पडणं,
कारण दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवून
माझं नाव जरा सुटत आलेलं असतं.

नळाचा चिमटा पांढरा.
तो कुठेही घुसतो.
त्याच्यासाठी मी मध्ये बोटभर जागा सोडते.
पाणी नाही आलं, तर जागा तशीच राहते
आणि मी त्या जागेत काही करत नाही.
हे सगळ्यात अवघड गेलं.

बुधवारी पाणी पहाटे चार दहाला आलं.
कानात बोळे, गाऊनवर स्वेटर,
पांढरा चिमटा सगळ्यांच्या आधी.
भरून झालं, पण झोप परत आली नाही.
भाकरीचा चिमटा (तो आता निळा)
काढून ओट्यावर ठेवला.
ओट्याशी उभ्यानंच शेव-मुरमुरे खाल्ले.
दिवस मोडला नाही,
नुसता तिरका उभा राहिला संध्याकाळपर्यंत,
मग माझ्याशेजारी पालथा पडला.

आज सकाळी मात्र चहाचा चिमटा सापडेना.
ओट्याखाली नाही, डब्यांमागे नाही.
सात वाजून गेले. तळहातांना घाम.
गच्चीवर गेले तर द्वारकाबाईंच्या दोरीवर
त्यांच्या नातवाची चड्डी,
वाऱ्यावर फडफडणारी,
आणि तिला धरून 'चहा',
माझ्याच अक्षरात.

काल त्यांनी दोन चिमटे मागितले होते.
मी निळे म्हटलं होतं, बहुतेक मनातल्या मनात.

चड्डी अजून ओली होती.
खाली आले, आधण ठेवलं.
आलं किसलं.
सात वाजून बावीस.